झोत मधोमध आला की बिघडतो: दोन फिरत्या प्रिझमचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मोठ्या शहरात एका शिक्षणसंस्थेच्या दोन इमारती आहेत. मधे वाहता रस्ता आणि नाला, सरळ रेषेत अंतर ४०० मीटर. दोन्हीकडे नेटवर्क एकच हवं होतं, पण केबलसाठी रस्ता खोदायची परवानगी कधी मिळेल ते कोणी सांगेना. म्हणून संस्थेने एका लहान कंपनीकडून गच्चीवरून गच्चीवर, हवेतून जाणारी लेसर लिंक बसवून घेतली. गाव, माणसं आणि काही तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत. काचेचं गणित मात्र जसंच्या तसं आहे. मी या कामात बाहेरचा, काचा आणि भिंगांपुरता सल्लागार होतो.

रचना अशी होती. प्रत्येक गच्चीवर पुरुषभर उंचीहून थोडा जास्त असा लोखंडी अँगलचा स्टँड. त्यावर झोत सोडणारा डबा, ज्याला सगळे ‘हेड’ म्हणत. शेजारी वेगळ्या ब्रॅकेटवर समोरून येणारा झोत झेलणारं मोठं भिंग, आणि त्याला लागून एक लाल दिवा, म्हणजे ६५० नॅनोमीटरचा मंद, पसरट लेसर. हा दिवा समोरच्या हेडसाठी खूण. हेडच्या आत चार तुकड्यांचा एक सिलिकॉन सेन्सर होता. लाल खूण सेन्सरच्या मधोमध पडत राहील अशा बेताने झोत वळवत ठेवायचा, एवढंच कंट्रोलचं काम.

खुद्द डेटा जायचा तो १५५० नॅनोमीटरच्या अवरक्त लेसरवर. हा प्रकाश डोळ्याच्या पुढच्या भागातच शोषला जातो, दृष्टिपटलापर्यंत पोचत नाही. त्यामुळे गच्चीवर माणसांची ये-जा असताना तो दृश्य प्रकाशापेक्षा बराच कमी धोक्याचा. झोत एक मिलिरेडियन, म्हणजे दर मीटरला एक मिलिमीटर पसरणारा होता, म्हणून समोरच्या गच्चीवर जेमतेम ४० सेंटिमीटरचा ठिपका. नेम १०-१२ सेंटिमीटर चुकला तरी चालून जाई. २० चुकला की सिग्नल गळायला लागे.

झोत वळवायला आरसा नव्हता. पाचरीच्या आकाराच्या दोन गोल काचा, एकापुढे एक, स्वतंत्र मोटरांवर फिरणाऱ्या. या जोडीला रिस्ली प्रिझम म्हणतात. फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल रिस्ली या नेत्रतज्ज्ञाने १८८९ साली डोळ्यांचा तिरळेपणा मोजण्यासाठी अशी फिरती जोडी मांडली, त्यावरून हे नाव. नंबर काढायला गेल्यावर डोळ्यांपुढे ते जाडजूड यंत्र येतं ना, त्यात ती आजही असते.

पातळ पाचरीचा हिशेब सोपा आहे. अपवर्तनांकातून, म्हणजे काच प्रकाशाला किती वाकवते त्या आकड्यातून, १ वजा करा आणि पाचरीच्या कोनाने गुणा, झोत किती वळेल ते आलं. इथे बीके-७ काच होती, पाचरीचा कोन ३ अंश ५३ मिनिटं. लाल प्रकाशात एका काचेने झोत २ अंश वळे, तो नेहमी काचेच्या जाड बाजूकडे. दोन्हींच्या जाड बाजू एका दिशेला आणल्या की ४ अंश, समोरासमोर आणल्या की शून्य. मधली कुठलीही दिशा, कुठलाही कोन, फक्त काचा फिरवून मिळतो. आरसा जेवढा हलतो त्याच्या दुप्पट झोत हलवतो. पाचर मात्र एक अंश फिरली तर झोत अंशाचा जेमतेम तिसावा भाग सरकतो. म्हणजे काच किती फिरली ते मोजणारा एनकोडर साधा, स्वस्त असला तरी बारीक नेम धरता येतो. लहान कंपनीने ही वाट धरली ती याच कारणाने, आणि ती निवड चुकीची नव्हती.

अडचण

लिंक सुरू झाली आणि पहिले काही दिवस सुरळीत चालली. मग एका गच्चीवरून, तिला ‘अ’ म्हणू, तक्रारी यायला लागल्या. सकाळी नेट तुटतं. सलग नाही, मधून मधून, सेकंद-दोन सेकंद. तेवढ्यात व्हिडिओ कॉल पडतो. त्याच वेळी हेडमधून मोटरांचा भिरभिर आवाज येतो. काचा एकदम अर्धा फेरा घेतात, थांबतात, पुन्हा उलट्या फिरतात.

तक्रारींना एक विचित्र वळण होतं. भर दुपारी, स्टँड तापलेला, वारा सुटलेला, तेव्हा लिंक ठीक चाले. सकाळी हवा शांत असताना तुटे. ढगाळ दिवशी दिवसभर तुटे. पावसाळ्याच्या तोंडावर हे सुरू झाल्याने सगळ्यांनी दोष ओलाव्यावर टाकला. काचेवर दव, सेन्सरमध्ये दमट हवा, कनेक्टरला गंज. हेड उघडून सुकवलं, सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, कडांना सिलिकॉन लावून बंद केलं. फरक शून्य.

‘ब’ गच्चीवरच्या हेडबद्दल मात्र एकही तक्रार नव्हती. त्याच बनावटीच्या मोटरा, तेच सॉफ्टवेअर. तिकडून येणारा सिग्नल सुरुवातीपासून अपेक्षेपेक्षा तिसरा हिस्सा कमी होता, पण स्थिर होता. काच मळली असेल म्हणून तिकडे कोणी लक्ष दिलं नाही.

पहिला निर्णय: वेगवान मोटरा

कंपनीच्या प्रमुखांनी लॉग बघितले. जेव्हा लिंक तुटते तेव्हा मोटरांना सेकंदाला १२० अंशांपेक्षा जास्त वेग मागितला जातो आणि तेवढा त्या देऊ शकत नाहीत, हे त्यात स्वच्छ दिसत होतं. त्यांनी दुप्पट वेगाच्या मोटरा मागवल्या.

लॉगमध्ये जे दिसलं त्यावर उपाय केला, यात दोष काढण्यासारखं काही नाही. पण एवढा वेग मागितला का जातोय, हा प्रश्न तिथे कोणी विचारला नाही. वाऱ्याने स्टँड डुलायचा तो सेकंदाला साधारण एकदा, अर्ध्या मिलिरेडियनने. झोताला त्याच्यामागे राहायला सेकंदाला फार तर ३ मिलिरेडियन जावं लागतं, म्हणजे अंशाचा सहावा भाग. त्यासाठी मोटरा शंभर-दोनशे अंशांनी का धावाव्यात?

नव्या मोटरा आल्या, बसवल्या. तुटण्याचं प्रमाण घटलं, पण गेलं नाही. आवाज वाढला, आणि बेअरिंगना असे झटके किती दिवस सोसतील ही नवी काळजी लागली.

दुसरा निर्णय: अदलाबदल

कंट्रोलचं काम बघणाऱ्या तरुण इंजिनिअरने मग दोन्ही गच्च्यांवरची हेडं आपसात बदलायचं ठरवलं. प्रमुखांना ते पटलं नव्हतं. एक चालू हेड उतरवायचं, म्हणजे दोन्ही टोकं बंद. शेवटी सुट्टीच्या दिवशी करा म्हणाले.

हेडं बदलली. ‘अ’वरचं बदनाम हेड ‘ब’वर जाऊन निमूट चालायला लागलं आणि ‘ब’चं गुणी हेड ‘अ’वर येऊन भिरभिरायला लागलं. वर्कशॉपचे फिटर काका शेजारी पाने गोळा करत होते. ते म्हणाले, “मॅडम, दुखणं डब्याचं नाही, गच्चीचं आहे.”

मग दोन गच्च्यांत फरक काय ते शोधणं आलं. स्टँड सारखे, उंची सारखी. फरक निघाला तो बसवण्यात. ‘अ’चं हेड अगदी काटेकोर लावलं होतं. पहाटे, अंधुक उजेडात, हेडमधून सोडलेल्या नेमाच्या लाल लेसरचा ठिपका समोरच्या भिंगावर स्पष्ट दिसतो म्हणून तेव्हा. काचांच्या जाड बाजू समोरासमोर, झोत शून्य वळलेला, आणि त्या स्थितीत नेम बरोबर भिंगाच्या मध्यावर. ‘ब’च्या गच्चीला पाणी वाहून जायला उतार दिलेला, त्यामुळे तिथलं हेड अर्धा अंश तिरकं बसलं होतं. ते सरळ करायचं राहून गेलं होतं, कारण काचा तेवढी कसर सहज भरून काढत होत्या.

म्हणजे नीट लावलेलं हेड बिघडत होतं आणि वाकडं लागलेलं चालत होतं. मला बोलावणं आलं ते या टप्प्यावर.

मध्यावर नेमकं काय होतं

एक पाचर थोडी फिरवली की झोत तिच्या जाड बाजूच्या दिशेला काटकोनात सरकतो. जाड बाजू उजवीकडे असेल तर झोत वर किंवा खाली जाईल. आता झोत बरोबर मध्यावर, म्हणजे शून्य वळलेला आहे: एका काचेची जाड बाजू उजवीकडे, दुसरीची डावीकडे. पहिली फिरवा, झोत वर-खाली. दुसरी फिरवा, तोही वर-खालीच. डावी-उजवी दिशा दोघींपैकी कोणाच्याच हातात नाही. झोत चिमूटभर उजवीकडे न्यायचा असेल तर आधी दोन्ही काचा एकत्र पाव फेरा फिरवाव्या लागतात आणि मगच उजवीकडे सरकता येतं. उभी गाडी हातभर आडवी सरकवायला सांगावी, तसं हे.

आकड्यांत मांडायचं तर काचांना लागणारा वेग म्हणजे खुणेचा आडवा वेग भागिले मध्यापासूनचं अंतर. खूण सेकंदाला ३ मिलिरेडियनने डुलते आहे आणि मध्यापासून ०.१ मिलिरेडियनवर आहे, तर काचांना सेकंदाला १७०० अंशांच्या वर फिरावं लागेल. १ मिलिरेडियनवर असेल तर १७२ अंश. अर्धा अंश दूर, म्हणजे ‘ब’च्या हेडसारखी, तर २० अंश. मध्यापासून जितकं दूर जावं तितकं काम हलकं.

सकाळ-दुपारचं कोडंही इथेच सुटलं. हेड पहाटे लावलेलं, म्हणून पहाटे खूण बरोबर मध्यावर, सगळ्यांत वाईट जागी. दुपारी स्टँडची उन्हाकडची बाजू तापून वाढे आणि स्टँड दीड-दोन मिलिरेडियन कले. खूण मध्यापासून तेवढी लांब गेली की १२० अंशांच्या मोटरांनाही झेपे. ढगाळ दिवशी स्टँड तापत नसे, म्हणून दिवसभर हाल. ओलावा बिचारा फुकट बदनाम झाला होता.

वेगवान मोटरांनी थोडाच फरक का पडला, तेही उघड आहे. वेग दुप्पट केला की मध्याभोवतीचं वाईट वर्तुळ निम्मं होतं. पण खूण त्या वर्तुळाच्या आतच बसलेली असेल तर वर्तुळ लहान करून फारसं साधत नाही.

शिवाय दोन काचा कधीच हुबेहूब जुळ्या नसतात. त्यांच्या वळवण्यात अंशाच्या साठाव्या भागाचा फरक असला तरी मध्यावर ०.२९ मिलिरेडियन त्रिज्येचं एक भोक राहतं. झोत तिथे जाऊच शकत नाही. ४०० मीटरवर ते भोक १२ सेंटिमीटर त्रिज्येचं. कंट्रोल मात्र मध्य गाठायचा म्हणून काचा फिरवतच राहतं.

पर्याय

मध्याची अडचण या जोडीला जन्मापासूनची आहे आणि तिच्यावर बरेच उपाय माहीत आहेत. आम्ही बसून एकेक चाळला.

स्टँड घट्ट करणं हा सगळ्यांत साधा. तो आधीच सुचला होता आणि अडला होता, कारण दोन्ही गच्च्यांवर नुकतंच वॉटरप्रूफिंग झालेलं. संस्थेचा इमारत विभाग एकही भोक पाडू देणार नव्हता, आणि पावसाळ्यात त्यांची बाजू चुकीची म्हणवत नाही. स्टँड काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या वजनावर उभे होते. आणखी ठोकळे ठेवून डुलणं कमी झालं असतं, थांबलं नसतं.

कंट्रोलला मध्यावर हातपाय न हलवण्याची शिकवण देणं, म्हणजे चूक ठरावीक मर्यादेत असेल तर काही करायचंच नाही, हे एका संध्याकाळच्या कामाचं होतं. ते करून पाहिलं. पण डुलणंच अर्ध्या मिलिरेडियनचं, म्हणजे २० सेंटिमीटर. गप्प बसलं तर सिग्नल दर हेलकाव्याला गळे.

दोन काचा मुद्दाम वेगवेगळ्या कोनांच्या घ्याव्यात असंही कोणी सुचवलं. त्याने मध्यावरचं भोक आणखी मोठं होतं. अडचणीची जागा निषिद्ध ठरते एवढंच, आणि आपल्याला तर तिथेच जायचंय.

तिसरी पाचर घालणं हा पुस्तकी आणि पक्का उपाय. तीन काचा असल्या की मध्यावरही दोन्ही दिशा हातात राहतात. पण तिसरी मोटर, तिसरा एनकोडर, डब्याची लांबी वाढणार, आणि एका जागी पोचायचे अनेक मार्ग असल्यामुळे कुठला निवडायचा याचं नवं गणित.

डोळ्यांच्या यंत्रातली जोडी शून्यावरून सुरळीत जाते, मग आपली का नाही, असं प्रमुखांनी विचारलं. प्रश्न चांगला होता. त्या यंत्रात दोन्ही काचा दात्यांनी जोडलेल्या असतात आणि कायम सारख्याच, पण उलट दिशांनी फिरतात. त्यामुळे झोत एकाच रेषेत पुढे-मागे जातो. एका रेषेपुरतं शून्य ओलांडायला अडचण नसते. आपल्याला दोन दिशा हव्यात, म्हणजे अशा दोन जोड्या लागतील: एक आडवी, एक उभी. चार काचा, आठ पृष्ठभाग. प्रत्येक साध्या पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो, म्हणजे चांगल्या कोटिंगचा खर्च आला.

पाचरींपुढे एक छोटा चपळ आरसा बसवून बारीक काम त्याला द्यायचं, हाही एक मार्ग. मोठ्या दुर्बिणींत आणि महागड्या उपकरणांत असं करतात. इथल्या बजेटमध्ये तो बसत नव्हता.

उरलेला उपाय ‘ब’च्या उताराने आधीच करून दाखवला होता: हेड वाकडं बसवायचं.

तिसरा निर्णय: किती वाकडं

वाकडं म्हणजे किती, इथे वाद झाला. ‘ब’सारखं अर्धा अंश केलं की पुरे, असं प्रमुखांचं म्हणणं. मला आणखी पुढे जायचं होतं. मध्य वाईट आहे तशी कडही वाईट आहे हे विसरायला नको. ४ अंशांच्या कडेवर दोन्ही जाड बाजू एकाच दिशेला असतात आणि तिथेही दोन्ही काचा झोताला एकाच रेषेत हलवतात. चांगली जागा मधे कुठेतरी. दोन जाड बाजू एकमेकींना काटकोनात असतात तिथे प्रत्येक काच आपापली एक दिशा सांभाळते, आणि त्या दोन दिशाही काटकोनात. एकीने दुसरीच्या कामात लुडबुड करायची नाही. ही जागा कमाल कोनाच्या ०.७०७ पटीवर येते, म्हणजे इथे २.८३ अंशांवर. तिथे त्याच डुलणाऱ्या खुणेसाठी काचांना सेकंदाला साधारण ५ अंश पुरतात, आणि तिथून कड अंशापेक्षा जास्त लांब राहते.

इंजिनिअरला काटकोनाचा मुद्दा पटला, कारण तिचं सॉफ्टवेअरही सोपं होणार होतं. प्रमुख म्हणाले, करा, पण जुन्या मोटरांवरच करून दाखवा. ही अट मला आवडली. नव्या मोटरांवर यश आलं असतं तर श्रेय कोणाचं ते कळलं नसतं.

काकांनी वर्कशॉपमध्ये एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ अशी एक लोखंडी प्लेट मिल करून दिली. ती हेडच्या पायाखाली. हेडचं तोंड खालच्या बाजूला झुकवलं, म्हणजे काचेवर पावसाचं पाणीही कमी बसेल. झोत काचांनी पुन्हा वर उचलायचा.

नवं संकट

हेड बसवलं, लाल नेमाचा लेसर काचांतून सोडला, ठिपका समोरच्या भिंगावर जाऊन शांत बसला. मोटरांचा आवाजही येईना. डेटा मात्र शून्य. कमी नाही, शून्य.

गच्चीवर त्या दिवशी वातावरण चांगलं नव्हतं. आधी निदान तुटत तुटत चालत होतं, आता बंदच. प्रमुखांनी प्लेट काढून टाकायला सांगितली, आणि काका पाना घेऊन पुढे झालेही. या प्रकरणातला सगळ्यांत नाजूक क्षण हाच वाटतो मला. प्लेट निघाली असती तर ‘वाकडं बसवून पाहिलं, चालत नाही’ अशी नोंद झाली असती आणि ती वाट कायमची बंद झाली असती.

इंजिनिअरने एकच मुदत मागितली: सुटा रिसीव्हर घेऊन समोरच्या गच्चीवर जाऊन येते. तिने तो हातात धरून भिंगाच्या आजूबाजूला फिरवला. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, वर नाही. कठड्यावरून खाली वाकून धरला तेव्हा सिग्नल खणखणीत आला. अवरक्त ठिपका भिंगाच्या अर्धा मीटर खाली, कठड्याच्या भिंतीवर पडत होता. लाल ठिपका आणि डेटाचा झोत एकाच काचांतून जाऊन दोन ठिकाणी पोचत होते.

कारण काचेचा अपवर्तनांक रंगानुसार बदलतो. बीके-७ चा ६५० नॅनोमीटरला १.५१४५, तर १५५० ला १.५००७. फरक दिसायला किरकोळ, पण वळवण्याचं काम १ वजा करून उरलेला भाग करतो. ०.५१४५ आणि ०.५००७ यांत २.७ टक्क्यांचा फरक आहे. २.८३ अंशांचे २.७ टक्के म्हणजे १.३ मिलिरेडियन, ४०० मीटरवर ५३ सेंटिमीटर. अवरक्त झोत कमी वळतो, म्हणजे इथे कमी उचलला जातो, म्हणून तो खाली. गणित आणि कठडा यांचं एकमत झालं.

मध्यावर हा दोष दिसणं शक्यच नव्हतं. शून्य वळवलं की २.७ टक्केही शून्याचेच. पहिली सगळी चाचणी मध्यावर झालेली, त्यामुळे लाल आणि अवरक्त तिथे तंतोतंत जुळलेले. आणि ‘ब’वरून येणारा तो तिसरा हिस्सा कमी सिग्नल? अर्ध्या अंशाचे २.७ टक्के म्हणजे ९ सेंटिमीटर. ४० सेंटिमीटरच्या ठिपक्यात मध्यापासून ९ सेंटिमीटर सरकलं की तीव्रता बरोबर तेवढीच उतरते. मळलेली काच नव्हती ती. तो आकडा पहिल्या दिवसापासून लॉगमध्ये बसून होता.

एका परिचिताला ही हकिकत सांगितली. ते धातूच्या भागांची अल्ट्रासाउंड तपासणी पाण्याच्या टाकीत करतात आणि आवाजाचा झोत फिरत्या ॲक्रिलिक पाचरींनी वळवण्याचा विचार करत होते. पाण्यात आवाज सेकंदाला १४८० मीटर जातो, ॲक्रिलिकमध्ये २७०० च्या आसपास. वेग वाढतो म्हणून झोत पाचरीच्या पातळ बाजूकडे वळतो, काचेतल्या प्रकाशाच्या बरोबर उलट. पण मध्याची अडचण त्यांनाही सुटणार नाही, ती फिरण्याच्या भूमितीतून येते. रंगाची अडचण मात्र त्यांना जवळजवळ नाही, कारण त्यांच्या पल्ल्यात आवाजाचा वेग वारंवारतेनुसार फारसा बदलत नाही. त्यांचा डोकेदुखीचा विषय वेगळा, प्लास्टिकमध्ये आवाज किती जिरतो हा.

चौथा निर्णय आणि शेवट

रंगाचा फरक काढायचे तीन मार्ग होते. दोन जातींच्या काचा चिकटवून रंगभेद मारलेल्या पाचरी करून घ्यायच्या. चांगला उपाय, पण खास ऑर्डर आणि लांबची मुदत. किंवा खूणच अवरक्त करायची. मग सिलिकॉनचा सेन्सर चालत नाही, दुसऱ्या पदार्थाचा महाग सेन्सर लागतो, आणि डोळ्यांनी दिसणारा नेम जातो. किंवा फरक माहीतच आहे तर तो सॉफ्टवेअरमध्ये धरायचा. काचा कुठे आहेत ते एनकोडर सांगतो, त्यावरून झोत किती आणि कुठल्या दिशेला वळलाय ते कळतं. त्याच्या २.७ टक्के इतकी खूण सेन्सरच्या मध्यापासून मुद्दाम बाजूला धरायची. खूण दिवसभरात दोन-चार मिलिरेडियनच फिरते, त्यामुळे ही दुरुस्ती जवळपास स्थिरच राहते.

तिसरा मार्ग घेतला. काही ओळींचं काम. ‘अ’ची लिंक जुन्या, १२० अंशवाल्या मोटरांवर सकाळ-संध्याकाळ चालायला लागली. ‘ब’लाही तशीच प्लेट घातली, दुरुस्ती घातली, आणि तिथून येणारा सिग्नल वाढला. जोरदार पावसात आणि दाट धुक्यात लिंक अजूनही जाते, तिथे काचांचा इलाज नाही. त्यासाठी एक साधी रेडिओ लिंक राखीव ठेवली आहे. दुप्पट वेगाच्या मोटरा वर्कशॉपच्या कपाटात आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

हेडांची अदलाबदल मोटरा मागवण्याआधी व्हायला हवी होती. तिला एक सुट्टी लागली, मोटरांना पैसे. दोन सारखी उपकरणं हाताशी असताना त्यांतलं एकच बिघडत असेल, तर बिघडलेल्यापुढे तासन्‌तास बसण्यापेक्षा चालणाऱ्याकडे जाऊन बघणं जास्त फळतं. ‘ब’कडे कोणी गेलं नाही, कारण तिथून तक्रारच नव्हती.

बसवल्यानंतरची चाचणी फक्त मध्यावर घेतली, हे मला सगळ्यांत जास्त खटकतं. मध्यावर सगळं छान दिसतं: रंग जुळतात, वळवण्यातली चूक शून्य होते, नेम डोळ्यांना पटतो. आता कंपनीच्या चाचणीत लाल आणि अवरक्त दोन्ही झोत मध्यावर, मधल्या पट्ट्यात आणि कडेजवळ अशा तिन्ही ठिकाणी वेगवेगळे मोजतात. हेड किती कलतं बसवलं तेही लिहून ठेवतात. ‘ब’चा अर्धा अंश कुणी लिहिला असता तर निम्मं कोडं कागदावरच सुटलं असतं.

वाकडं बसवणं हा उपाय खूण जवळजवळ एका जागी असल्यामुळेच लागू पडला. कंपनीला आता धरणाच्या पाण्यात फिरणाऱ्या एका सर्वेक्षणाच्या बोटीवर अशीच लिंक हवी आहे. तिथे खूण पूर्ण क्षेत्रात कुठेही जाईल, मध्यावरूनही जाईल, आणि पायाखाली कुठलीही प्लेट घालून ती चुकवता येणार नाही. त्या कामासाठी तिसऱ्या पाचरीची किंमत काढायला घेतली आहे.